नॅपकिनाची घडी

माझा भाऊ आंतेल्म प्रेमात पडला तेव्हा तो गळ्यापर्यंत चिखलात बसला होता. डॉक्टरने गुडघ्यांसाठी त्याला ए-ले-बँच्या गरम झऱ्यांवर पाठवलं होतं. तिथे म्हाताऱ्या माणसांना ओळीने टबांत बसवतात आणि वरून औषधी चिखल ओततात. शेजारच्या टबात समुद्राकाठच्या कोंकार्नोची एक विधवा बाई होती, आनाइग नावाची. आंतेल्मने पहिल्याच सकाळी तिला आपली सगळी जन्मकथा ऐकवली. बिचारीला चिखल वाळेपर्यंत उठून जाता येईना. दुसऱ्या दिवशी मात्र ती आपणहून त्याच्याच शेजारी बसली, असं आंतेल्म सांगतो. मी यावर विश्वास ठेवला नाही. टब नंबराने मिळतात, हे मला ठाऊक आहे.

आंतेल्म फूर्व्येरच्या टेकडीवर दोराने ओढली जाणारी गाडी चालवायचा. ल्योंमध्ये आम्ही तिला ‘दोरी’ म्हणतो. उभ्या आयुष्यात तो एकाच टेकडीवर वर गेला आणि खाली आला, पण बोलतो असा की जग पालथं घालून आलाय. त्याचं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. दोन्ही वेळा समोरच्या मुलीला होकार द्यायला मधे जागाच सापडली नाही. माझा नवरा जोआनी गेला तेव्हा आंतेल्म ‘फिलोला सोबत हवी’ म्हणून दोन बॅगा घेऊन माझ्या वरच्या मजल्यावर राहायला आला. तेव्हापासून माझ्या खाणावळीच्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतो आणि मला मीठ किती घालायचं ते सांगतो. मी या गावात वजडी शिजवत म्हातारी झाले. गिऱ्हाइकं मला फिलोआई म्हणतात. मला मीठ सांगतो.

म्हणून आनाइगबाई दोन दिवसांसाठी ल्योंला येणार आहेत असं त्याने लाजत लाजत सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात फूर्व्येरच्या मेरीला नवस बोलले, की हे लग्न जमू दे, चांगली दंडाएवढी मेणबत्ती लावीन.

आता आमच्याकडे लग्न कसं जमतं ते सांगायला हवं.

क्र्वा-रूसच्या चढाच्या पायथ्याशी माझी खाणावळ आहे. आत भिंतीला लागून छोट्या छोट्या खणांचं एक कपाट आहे, जोआनीच्या आजीच्या वेळचं. नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा त्यात एक खण, खणात त्याचा नॅपकिन. जेवण झालं की माणूस नॅपकिनाची घडी करतो, खणात ठेवतो आणि घरी जातो. सोमवारी मी सगळे धुते. येणारा-जाणारा वाटसरू असेल तर त्याला ढिगातला साधा नॅपकिन मिळतो, आणि त्याने तो चोळामोळा करून ताटाशेजारी टाकून जायचं असतं. त्याने घडी केली तर ‘मी पुन्हा इथेच जेवणार’ असं बजावल्यासारखं होतं, आणि कुणी न बोलावता असं बजावणं हा आगाऊपणा. हे सगळ्या फ्रान्सला माहीत आहे. आमच्या घरात मात्र ही गोष्ट आणखी एक पायरी पुढे गेलेली आहे. जोआनीने मला पहिल्यांदा इथे जेवायला आणलं तेव्हा टार्ट संपल्यावर मी तोंडातून शब्द न काढता नॅपकिनाची घडी केली. सासूबाईंनी ती पाहिली, उठल्या, आणि एक खण ओढून उघडला. एवढंच आमचं लग्न जमणं. मेयरसमोर जे झालं ते नुसते सोपस्कार.

खण रिकामा होतो तो मालक मेल्यावरच. त्यामुळे वाट पाहणारे खूप. त्यातला सर्वांत चिवट म्हणजे गोने, म्हातारा न्हावी. कित्येक वर्षं रोज इथे जेवतो आणि खण नाही म्हणून आपला नॅपकिन कोटाच्या खिशातून आणतो-नेतो. जेवताना कुणाला ठसका लागला की गोने मान वाकडी करून फार मायेने विचारतो, “डॉक्टरला दाखवलंत का?” आणि त्याची नजर कपाटाकडे जाते.

एका खणाबद्दल मात्र गोनेही विचारत नाही. खिडकीजवळच्या ओळीत मधला, जोआनीचा. त्या दिवशी तो दुपारचं जेवला, नॅपकिनाची नीट घडी केली, खणात ठेवली आणि बोजोले वाइनची पिंपं बघायला म्हणून सोन नदीच्या पलीकडे निघाला. पुलावरच त्याचं हृदय थांबलं. चार वर्षं झाली. रडून झालं, आठवड्याभरात खाणावळही उघडली, पण तो खण मला उघडवला नाही. त्याने घडी केली होती, म्हणजे तो रात्री जेवायला येणार होता. मी कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

शुक्रवारी दुपारी आनाइगबाई यायच्या होत्या. गुरुवारपासून आंतेल्मने माझं डोकं खाल्लं.

“फिलो, उद्या वजडी करू नकोस हं.”

“का? वजडीने काय घोडं मारलंय?”

“बाई समुद्राकाठची आहे. तिला नाजूक काहीतरी हवं. पाइक माशाचे केनेल कर. मासा म्हटलं की तिला घरच्यासारखं वाटेल.”

“पाइक नदीतला. तिला तो परका.”

“सॉस झिंग्यांचा कर, म्हणजे सांभाळून घेईल. आणि मीठ जरा—”

“मिठाचं नाव काढलंस तर केनेलच्या आधी तुला पातेल्यात सोडीन.”

आनाइगबाई ऐन उन्हात रेनकोट घालून आल्या. बुटक्या, रुंद, पावलं रोवून चालणाऱ्या. आयुष्यभर त्यांनी बंदरावर मासळीचा लिलाव पुकारला होता आणि ते आवाजावरून कळत होतं. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून एक जड पुडकं काढून माझ्या हातात दिलं.

“लोणी आहे, फिलोमेनबाई. मीठ घातलेलं. आमच्याकडचं.”

“आमच्याकडे मीठ स्वयंपाकात घालतात,” मी म्हटलं.

“आमच्याकडे लोण्यातच घालून टाकतात,” त्या म्हणाल्या आणि आंतेल्मकडे बघितलं. “मग स्वयंपाकात कुणाला बोट घालायला उरत नाही.”

आंतेल्मला काही कळलं नाही. मला कळलं, आणि बाई मला पहिल्यांदा आवडली. ते जेमतेम अर्धा तास टिकलं. मी केनेल घेऊन आले, मासा कुटून केलेले लांबट गोळे. फुगलेले, सोनेरी, सॉस बुडबुडणारा. सगळी खाणावळ बघत होती, गोने तर काटा हवेतच धरून बसला होता. बाईंनी एक घास घेतला, सावकाश चावला.

“छान. फार हलकं झालंय,” त्या म्हणाल्या. “मासा कधी येणार?”

माझ्या खाणावळीत इतकी शांतता मी फक्त शोकसभेला ऐकली होती.

“मासा आतच आहे, बाई.”

“अस्सं. मग तो लाजतोय.”

मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि हातातलं फडकं आपटलं. माझ्या सासूच्या सासूची पाककृती. मग मीच पातेल्यातला एक केनेल चाखला आणि मला एकटीलाच हसू फुटलं. त्यात अंडी होती, पीठ होतं, दूध होतं. मासा खरंच लाजत होता. आंतेल्म नाजूक कर, नाजूक कर म्हणून मागे लागला होता त्याचं हे फळ.

बाहेर आनाइगबाई लिलावाच्या गोष्टी सांगत होत्या आणि लोक जेवण सोडून ऐकत होते. त्यांच्या बंदरावर तोंडाने बोली लावत नाहीत, डोळा मिचकावला की पेटी विकली. एकदा म्हणे एका पाद्र्याच्या डोळ्यात कण गेला आणि त्याला बांगड्यांच्या पेट्या हातगाडीवर घालून चर्चमध्ये न्याव्या लागल्या. गोने इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि सगळ्यांनी एकसुराने विचारलं, “डॉक्टरला दाखवलंत का?” आंतेल्म अभिमानाने आमच्याकडे बघत होता, जणू त्यानेच तिला लिलाव शिकवला.

मग गुलाबी साखरबदामाचा टार्ट आला. टार्टनंतर सगळ्यांचं बोलणं हळूहळू बंद झालं. कुणी ठरवलं नव्हतं, पण खाणावळीतली झाडून सगळी माणसं आनाइगबाईंच्या मांडीवरच्या नॅपकिनकडे बघू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती इथेच जेवणार आणि दुपारच्या गाडीने जाणार, हे ठरलेलं होतं. म्हणजे आज घडी केली असती तरी त्यात आगाऊपणा काही नव्हता. आंतेल्म त्या वेळी आपली एक गोष्ट सांगत होता, दोरी मधल्या चढावर कशी अडकली होती त्याची.

बाईंनी ओठ पुसले, बोटं पुसली, नॅपकिनाचा गोळा केला आणि ताटाच्या डाव्या बाजूला ठेवून दिला.

आंतेल्मची दोरी त्या चढावरच राहिली. गोष्ट त्याने पुरी केलीच नाही. मी त्याला कुठलीही गोष्ट अर्धी सोडताना जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

तो पाठोपाठ स्वयंपाकघरात आला. “फिलो, पाहिलंस?”

“पाहिलं.”

“उद्या इथेच जेवायचंय, तरी चोळामोळा.”

“मग विचार ना तिला.”

“काय विचारू? उत्तर टेबलावर पडलंय.”

“अरे, एरवी तुझं तोंड मिटत नाही. एक वाक्य बोलायचंय. तुझी दातखीळ बसली का?”

“आपल्या घरात कुणी तोंडाने विचारतं का?” तो म्हणाला. “तू बोलली होतीस? जोआनी बोलला होता?”

तो टोपी घालून तिला गाव दाखवायला घेऊन गेला. गळ्यात दगड बांधल्यासारखा चालत होता.

पुढचं मला नंतर तिच्याकडूनच कळलं. जुन्या ल्योंमध्ये घरांच्या पोटातून, एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर निघणारे बोळ आहेत. आंतेल्मने तिला त्यातल्या एकात नेलं आणि “इथे लोक राहतात, हळू बोलायचं बरं का” असं इतक्या मोठ्याने सांगितलं की वरची खिडकी उघडून एक बाई म्हणाली, “आंतेल्म, आम्ही राहतो ते आम्हाला माहीत आहे.” मग त्याने तिला दोरीत बसवलं. वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं, कारण पहिल्या वेळी डाव्या हाताचा, ब्रेक कुठे लावायचा ते सांगणारा खांब दाखवायचा राहिला होता. शेवटी क्र्वा-रूसच्या पायऱ्या. गुडघ्यांच्या दुखण्यातून जमलेली ओळख, आणि हा माणूस तिला पायऱ्या चढवत होता. नॅपकिनचं अवाक्षरही काढलं नाही. ती म्हणाली, तो बोलत होता खूप, पण रेडिओ लावून माणूस दुसऱ्या खोलीत जातो ना, तसा.

संध्याकाळी हॉटेलातून निरोप आला की बाई जेवायला येत नाहीत, खोलीतच सूप घेतील. आंतेल्मने हा दुसरा नकार धरला. मी त्याच्या सूपमध्ये मुद्दाम मीठ घातलंच नाही. तो निमूटपणे सगळं प्यायला आणि “छान झालंय” म्हणाला. तेव्हा मात्र मला भीती वाटली. मला तो घरातून जायला हवा होता, पण असा नव्हे. खुर्ची दारातच होती, तो तिच्यावर बसलेला होता, आणि घरात कुणीच नसल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी सकाळी नऊला आमचं माशों असतं, म्हणजे सकाळचं भरपेट खाणं. या चढावरच्या रेशीम विणकरांच्या काळापासूनचा रिवाज. पहाटेपासून मागावर बसलेल्या माणसांना नऊला सपाटून भूक लागायची. आता माग कुणाच्या घरी नाहीत, भूक तेवढी राहिली आहे. मी आंतेल्मला न विचारता भली मोठी परात भरून वजडी केली, रव्यात घोळवून तळलेली. बरोबर गरम सॉसेज, बटाटे, चरबीचे कुरकुरीत तुकडे, आणि लसूण-कांद्याची पात घातलेलं पांढरं चीज, ज्याला आमच्याकडे ‘विणकराचा मेंदू’ म्हणतात. जाड बुडाच्या बाटल्यांतून बोजोले.

आनाइगबाई लंगडत आल्या. आंतेल्मने त्यांची बॅग हॉटेलातून आधीच आणली होती आणि ती हातात धरून तो दाराशी उभा होता, स्टेशनवरच्या हमालासारखा. बाईंनी वजडीचा पहिला घास घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. मग ताट माझ्यापुढे सरकवलं.

“आणखी वाढा. हे काल का नव्हतं?”

“भावाने लपवायला सांगितलं. तुम्हाला नाजूक लागतं म्हणाला.”

“मला? मी सकाळी चारला उठून थंडीत माशांची डोकी मोजलेली बाई.” त्यांनी दाराकडे बघितलं. आंतेल्म जमिनीकडे बघत होता. “मासा लाजवला, वजडी लपवली. या घरात एखादी गोष्ट आहे तशी टेबलावर ठेवायला बंदी आहे का?”

गोनेने ग्लास खाली ठेवला.

खाऊन झाल्यावर त्या आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि थेट आंतेल्मच्या खुर्चीत बसल्या, गुडघे चोळत. नॅपकिन मांडीवर तसाच होता. मी दार लोटून घेतलं.

“बाई, मला आडवळणं जमत नाहीत,” मी म्हटलं. “काल तुम्ही नॅपकिन चोळामोळा करून ठेवलात.”

“पाहुणी होते.”

“आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक नसेल.”

“ठाऊक नसेल? फिलोमेनबाई, चिखलात बसून मी तुमच्या कपाटाचा एकेक खण ऐकलाय. तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला कसा खण दिला ते ऐकलंय. गोनेचं दुःख ऐकलंय. मला तर झोपेतसुद्धा खण दिसायला लागले होते.”

“मग?”

“मग हेही ऐकलंय की सगळे खण भरलेले आहेत. आणि एकाची किल्ली तुमच्या एप्रनमध्ये आहे.” त्यांचा लिलावाचा आवाज इथे फार खाली आला. “मी घडी केली असती, तर ती ठेवायची कुठे? सगळ्यांच्या माना त्या एकाच खणाकडे वळल्या असत्या. ते मला नको होतं.”

मी उगीचच एक स्वच्छ ताट पुसत राहिले.

“निदान आंतेल्मला काहीतरी बोलायचं.”

“आमच्या बाजारात आपल्याच मासळीवर आपण बोली लावत नाही, तसं करणाऱ्याला काढून टाकतात. बोली समोरच्याने लावायची. तुमचा भाऊ काल दिवसभर बोलला. दोरीला किती खिळे आहेत तेसुद्धा आता मला माहीत आहे.”

“आवडतो का तो तुम्हाला? खरं सांगा.”

“आवडतो,” त्या म्हणाल्या. “माझा नवरा चांगला होता, पण मुका. मासेमारीवरून यायचा, जेवायचा, झोपायचा. तो उभ्या संसारात जेवढं बोलला नाही तेवढं हा एका टबात बोलला. आधी वाटलं याला बुडवावं. मग एके दिवशी त्याला सर्दी झाली, तो आला नाही, आणि मला दिवस जाईना.”

“मग काल रात्री का आला नाहीत?”

“अहो, गुडघे. त्याने मला किती पायऱ्या चढवल्या ते त्यालाच विचारा.” त्या खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. “मी किल्ली मागायला आलेली नाही, हे लक्षात असू द्या. ती मागायची वस्तूच नव्हे.”

आणि त्या बाहेर गेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. कालपासून मी आंतेल्मला बोल लावत होते, की तोंड उघड, तोंड उघड. आमच्या घरात विचारत नाहीत, खण उघडतात. आणि खण उघडणं घरधनिणीचं काम. सासूबाई उठल्या होत्या, मी उठले नव्हते. मला जोआनीची फार आठवण आली. त्या घडीत तो अजून रात्रीच्या जेवणाला यायचा होता. ती घडी मोडली की तो येणार नव्हता. तो येणार नाही हे मी काही विसरले नव्हते, तरी किल्ली खिशात असेपर्यंत ते मला कुणाला सांगावं लागत नव्हतं, स्वतःलाही नाही.

बाहेर आंतेल्म म्हणत होता, “निघायला हवं. गाडी चुकेल. प्रवास नीट होवो.” इतकी लहान वाक्यं मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ती ऐकूनच मी बाहेर आले.

बाई टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी बोटं पुसली आणि नॅपकिनाचा गोळा करायला मूठ वळली.

“थांबा, बाई,” मी म्हटलं. “त्याची घडी करा.”

सगळ्यांचं खाणं थांबलं. आंतेल्मच्या हातातली बॅग खाली आपटली.

“रात्री कार्डूनची भाजी आहे,” मी म्हटलं. “नळीतल्या मगजात शिजवलेली. ती चाखल्याशिवाय कुणी ल्यों सोडत नाही.”

“पण फिलो, तिची गाडी—” आंतेल्म म्हणाला.

“गाड्या उद्याही असतात. तू आयुष्यभर गाडी चालवलीस, तुला हे मी सांगायचं?”

आनाइगबाई माझ्याकडे बघत राहिल्या, लिलावात कुणी डोळा खरंच मिचकावला की नुसता कण गेला हे जसं पारखत असतील तसं.

“विचार करून बोलताय ना, फिलोमेनबाई?”

“मी दोनदा बोलत नाही.”

त्यांनी नॅपकिन टेबलावर पसरला. तळहाताने सुरकुत्या काढल्या, टोकाला टोक लावलं, पुन्हा लावलं. आंतेल्म बघत होता.

मी किल्ली काढली. कुलूप गंजलेलं, फिरेना. मी दोनदा जोर लावला, मग हात सुटला आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं. तेव्हा मागून कुणीतरी अक्रोडाच्या तेलाची बाटली पुढे केली. गोने. ज्या माणसाने या कपाटासाठी अख्ख्या गावाच्या तब्येतीवर पाळत ठेवली, त्याने कुलुपात तेलाचे थेंब सोडले, खिशातला आपला नॅपकिन काढून ओघळ पुसला आणि बाजूला झाला. “आता फिरवा, फिलोआई,” म्हणाला.

खण उघडला. जोआनीचा नॅपकिन होता तसाच होता, त्याच्या पद्धतीने तीन पदरी. एका कडेला वाइनचा डाग. मी तो बाहेर काढला आणि उलगडला. आतून पावाचा वाळका चुरा माझ्या पायांवर पडला. मग मी त्याचा गोळा केला आणि टेबलावर ठेवला. मी रडले, सगळ्यांसमोर, आणि मला कुणाची लाज वाटली नाही. आनाइगबाईंनी आपली घडी स्वतः ठेवली नाही. ती माझ्या हातात दिली, आणि ती मी आत ठेवली.

शेवटी आंतेल्मने नाक शिंकरलं, डोळे पुसले, माझ्याजवळ आला, माझा हात हातात घेतला.

“फिलो,” तो म्हणाला, “आज वजडीत मीठ जरा कमी होतं.”

“गप्प बसा, आंतेल्म,” आनाइगबाई म्हणाल्या. आणि तो गप्प बसला. मी पाहिलं म्हणून सांगते, एरवी मीही विश्वास ठेवला नसता.

मग बाटल्या पुन्हा भरल्या, लोक उठून आंतेल्मचे गाल चुंबू लागले, आणि त्या गडबडीत गोनेने त्याला खांद्याला धरून कोपऱ्यात घेतलं. “अभिनंदन, अभिनंदन. फार छान झालं,” तो फार मायेने म्हणाला. “लग्नानंतर तुम्ही समुद्रावरच राहायला जाणार असाल, नाही का? हवा चांगली असते तिकडे. गुडघ्यांना.” आणि त्याची नजर कपाटाकडे गेली, आंतेल्मच्या खणाकडे.

सोमवारी मी सगळे नॅपकिन धुतले, त्यात जोआनीचाही होता. डाग काही गेला नाही. वाळल्यावर माझा हात सवयीने त्याची तीन पदरी घडी करायला निघाला. तो मी आवरला, आणि नॅपकिन वाटसरूंच्या ढिगात ठेवला.